टोस्टमास्टर्सच्या मीटिंगला पहिल्यांदा जाताय? आधी हे वाचा

टोस्टमास्टर्स म्हणजे चार लोकांसमोर बोलायचा सराव करायला जमणाऱ्या माणसांचे क्लब. आमच्या क्लबमध्ये पाहुण्यांचे फोन आणि मेसेज सध्या माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेले असतात. इंग्रजी चांगलं लागतं का? पहिल्याच दिवशी बोलायला लावतात का? पैसे किती? मैत्रिणीला सोबत आणलं तर चालेल का? (चालेल. दोघी असाल तर येण्याची शक्यता वाढते, हे अनुभवाने सांगते.) प्रत्येकाला तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून काढते.

आधी थोडी पार्श्वभूमी. राल्फ स्मेडली नावाचे गृहस्थ अमेरिकेत वायएमसीए या तरुणांसाठीच्या संस्थेत काम करायचे. तिथल्या तरुणांना चार लोकांत उभं राहून बोलता यावं म्हणून त्यांनी २२ ऑक्टोबर १९२४ ला कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे क्लब सुरू केला. तिथूनच टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल वाढली. पद्धत अजून साधारण तीच आहे: शिकवायला सर नसतात, सभासदच आलटून पालटून बोलतात, ऐकतात आणि एकमेकांना कसं झालं ते सांगतात. म्हणून 'कोर्स किती महिन्यांचा?' या प्रश्नाला उत्तर नाही. क्लास समजून येणारी माणसं थोड्याच दिवसांत गायब होतात.

आणखी एक, खास आपल्याकडच्या मंडळींसाठी. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत १ ऑगस्टला, टिळक पुण्यतिथीला, 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' अशी सुरुवात करून पाठ केलेलं भाषण एका दमात म्हटलेलं असतं. काही जण पुढे कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेच्या ढालीही आणतात. ती सवय इथे उपयोगी पडण्यापेक्षा नडते जास्त. पल्लेदार वाक्यं, उंचावलेला हात, शेवटी कविता: हे सगळं ऐकून लोक टाळ्या वाजवतील, पण तुमचं मूल्यमापन करणारा, म्हणजे भाषण कसं झालं ते सांगणारा सभासद, हळूच विचारेल, 'हे तुम्ही घरी असं बोलता का?' मला विचाराल तर टोस्टमास्टर्समध्ये यायचं ते भाषणानंतरच्या मूल्यमापनाच्या त्या दोन-तीन मिनिटांसाठी. चार शब्द बोलायला जागा कुठेही मिळते. आपण कसं बोललो हे तोंडावर, नीट आणि फुकट सांगणारी माणसं मिळत नाहीत.

१. क्लब शोधा, आणि जाण्याआधी मेसेज करा

टोस्टमास्टर्स डॉट ऑर्ग या साइटवर 'फाइंड अ क्लब' असा शोध आहे. गाव किंवा पत्ता टाकला की जवळचे क्लब, मीटिंगचा वार, वेळ आणि संपर्क दिसतो. इथे तीन गोष्टी बघा.

पहिली, क्लब सगळ्यांसाठी खुला आहे की नाही. बरेच क्लब कंपन्यांच्या आत चालतात आणि तिथे फक्त त्या कंपनीच्या लोकांना प्रवेश असतो. पुण्यात हिंजवडीला किंवा मुंबईत बीकेसीला राहणं-काम असेल तर नकाशावर जवळ दिसणारे बरेच क्लब याच जातीचे निघू शकतात.

दुसरी, भाषा. बहुतेक क्लब इंग्रजीत चालतात. मराठीतून किंवा दोन भाषांत चालणारेही आहेत. ऑफिसात प्रेझेंटेशन द्यायचं म्हणून येत असाल तर इंग्रजी क्लबला जा, इंग्रजी कच्चं असलं तरी जा. पण मुळात माणसांसमोर उभं राहायचीच धास्ती असेल तर आधी मराठीत सुरुवात करा. एका वेळी एकच भीती पुरे.

तिसरी, मीटिंग प्रत्यक्ष आहे की ऑनलाइन. काही क्लब एका आठवड्याला प्रत्यक्ष आणि एका आठवड्याला ऑनलाइन भेटतात. साइटवरची वेळ आणि जागा जुनी असू शकते. शाळेचा वर्ग मिळाला नाही म्हणून मंडळी सोसायटीच्या हॉलमध्ये जमलेली असतात आणि पाहुणा बिचारा शाळेच्या बंद फाटकासमोर उभा. म्हणून आदल्या दिवशी मेसेज टाकाच.

आणि एका क्लबवर थांबू नका, निदान दोन तरी बघा. एकीकडे निवृत्त प्राध्यापक आणि गृहिणी असतात, दुसरीकडे सगळे आयटीतले पंचविशीतले. नियम तेच असले तरी वातावरण पार वेगळं असतं.

२. सोबत काय न्यायचं

पाहुणा म्हणून जाताना कागदपत्रं लागत नाहीत आणि पैसेही लागत नाहीत. पाहुण्यांना प्रवेश मोफत असतो. मात्र वयाची १८ वर्षं पूर्ण असल्याशिवाय सदस्य होता येत नाही, तेव्हा दहावीतल्या मुलासाठी चौकशी करत असाल तर हा क्लब त्याच्यासाठी नाही.

- वही आणि पेन. मोबाइलवर टिपणं काढू नका, समोरच्या वक्त्याला तुम्ही व्हॉट्सॲप बघताय असं वाटतं.
- मीटिंग कंपनीच्या इमारतीत असेल तर फोटो असलेलं ओळखपत्र. गेटवर नोंद करावी लागते, त्यासाठी दहा मिनिटं जास्त धरा.
- पाण्याची बाटली. घसा कोरडा पडतो, नुसतं ऐकायला बसलेल्यांचाही.

कपड्यांचं टेन्शन नको. ऑफिसला जाता तसे जा.

३. पोहोचल्यावर

वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचा. इथे मीटिंग खरंच वेळेवर सुरू होते. आपल्या लग्नाच्या पत्रिकेवरच्या मुहूर्तासारखी वेळ समजून अर्ध्या तासाने गेलात तर अर्धी भाषणं संपलेली असतील.

दारात कोणीतरी हस्तांदोलन करून नाव विचारेल, वहीत नोंद करून घेईल. हॉलची मांडामांड, बॅनर, खुर्च्या बघणाऱ्या पदाधिकाऱ्याला 'सार्जंट ॲट आर्म्स' म्हणतात. नाव दणदणीत आहे, काम आपल्या मंडळातल्या कार्यकर्त्याचं. हातात अजेंडा पडेल आणि त्यावर टीएमओडी, जीई, टीटीएम अशी अक्षरं दिसतील. घाबरू नका. टीएमओडी म्हणजे त्या दिवसाचा सूत्रसंचालक, जीई म्हणजे सगळ्या मीटिंगचं मूल्यमापन करणारा, टीटीएम म्हणजे आयत्या वेळचे विषय देणारा. नावाआधी टीएम असेल तर तो साधा सभासद. डीटीएम दिसलं तर त्या माणसाने या संस्थेतला सगळ्यात वरचा किताब मिळवलेला असतो.

मागच्या रांगेत बसू नका. दुसरी रांग उत्तम.

४. मीटिंग कशी चालते

एकूण वेळ तास ते दोन तास. तीन भाग असतात: तयारीची भाषणं, टेबल टॉपिक्स म्हणजे आयत्या वेळची भाषणं, आणि मूल्यमापन. क्रम क्लबप्रमाणे बदलतो. सुरुवातीलाच तीन माणसं उठून आपापलं काम समजावतात: टायमर वेळ मोजतो, ग्रामरियन भाषेकडे लक्ष देतो आणि 'आजचा शब्द' (त्या दिवशी सगळ्यांनी बोलताना वापरून बघायचा शब्द) देतो, आणि आह काउंटर तुमचे 'अं', 'म्हणजे', 'ॲक्च्युअली', 'काय होतं ना की' मोजतो.

या तिसऱ्या माणसाची नव्यांना सगळ्यात जास्त धास्ती असते. त्याच्या हातात एक साधा तक्ता असतो, प्रत्येकाचं नाव आणि पुढे उभ्या रेघा. शेवटी तो वाचून दाखवतो: अमुकचे 'सो' अकरा, तमुकचे 'ओके' सात. सगळे हसतात, ज्याचे अकरा तोही हसतो. मराठी बोलणाऱ्यांची खास खोड म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बरोबर?' आणि सुरुवातीला 'तर'. घरी फोनवर बोलताना एकदा स्वतःचं ऐकून बघा, तक्ता लागणारच नाही.

वेळ दाखवायला हिरवा, पिवळा आणि लाल असे दिवे किंवा कार्डं असतात. हे वेळापत्रक वहीत उतरवून ठेवा:

- टेबल टॉपिक्स, १ ते २ मिनिटं: हिरवा १ ला, पिवळा दीडला, लाल २ ला.
- मूल्यमापन, २ ते ३ मिनिटं: हिरवा २ ला, पिवळा अडीचला, लाल ३ ला.
- पहिलं भाषण म्हणजे आइसब्रेकर, ४ ते ६ मिनिटं: हिरवा ४ ला, पिवळा ५ ला, लाल ६ ला.
- नेहमीचं भाषण, ५ ते ७ मिनिटं: हिरवा ५ ला, पिवळा ६ ला, लाल ७ ला.

लाल दिव्यानंतर ३० सेकंदांची सवलत असते. तीही ओलांडली तर शेवटी 'उत्कृष्ट वक्ता' निवडायला जे मतदान होतं त्यात तुमचं नाव नसतं. आपल्याकडे सत्काराच्या कार्यक्रमात 'वेळेअभावी थोडक्यात बोलतो' म्हणून पाऊण तास घेणारे पाहुणे ज्यांनी सोसलेत, त्यांना हा दिवा फार आवडतो.

आणखी एक रिवाज बघून ठेवा. बोलायला बोलावलेली व्यक्ती पोहोचेपर्यंत सूत्रसंचालक जागा सोडत नाही. हस्तांदोलन होतं, मगच तो बाजूला होतो. तुम्हाला बोलावलं तर चालत जा, हात मिळवा, तो बसेपर्यंत थांबा, आणि मग तोंड उघडा. एवढ्या चार सेकंदांत श्वास जागेवर येतो.

५. टेबल टॉपिक्स: पाहुण्यालाही विचारतात

जबरदस्ती नसते. 'आज फक्त ऐकतो' म्हटलं की विषय संपला. पण माझा आग्रह आहे की पहिल्याच दिवशी उठा. ऐकून घरी गेलेला पाहुणा 'पुढच्या वेळी बघू' म्हणतो आणि ती पुढची वेळ बऱ्याचदा येत नाही.

विषय मिळाल्यावर दोन चुका हमखास होतात. एक, विषयावर सगळं जग सांगायला जाणं. दोन, 'मला या विषयावर काही माहिती नाही, पण तरी प्रयत्न करतो' अशी माफी मागत सुरुवात करणं. ही माफी कोणीही मागितलेली नसते, आणि तिच्यात तुमची वीस सेकंदं जातात.

सोपा सांगाडा असा: मत, कारण, किस्सा, परत मत. समजा विषय आला, 'घरातली अशी वस्तू जी कोणी टाकू देत नाही'. मग:

'आमच्या घरातून थर्माकोलचं मखर कधीच जाणार नाही. कारण ते वडिलांनी स्वतः कापलंय. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, त्या वर्षीपासून गणपती पुठ्ठ्याच्या मखरात बसतो. पण जुनं मखर माळ्यावर आहे. दर दिवाळीला सफाई करताना ते खाली येतं, आई म्हणते टाकून द्या, वडील फडक्याने पुसतात, आणि ते परत वर जातं. यंदा पुसायला मी गेले. टाकून द्या म्हणायचं धाडस मलाही झालं नाही.'

हे मोठ्याने, सावकाश म्हटलं तर अर्ध्या मिनिटाच्या पुढे जातं. त्या खोलीचं, त्या माळ्याचं वर्णन करणारी तीन-चार वाक्यं घाला, हिरवं कार्ड दिसेल. मग बसायला मोकळे. दोन मिनिटं भरलीच पाहिजेत असं काही नाही.

विषय अजिबात सुचत नसेल तर तो वाकवा. क्रिकेटवर बोलायला सांगितलं आणि तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नसेल, तर मॅचच्या दिवशी तुमच्या घरात रिमोट कोणाच्या हातात असतो ते सांगा.

६. मूल्यमापन कान देऊन ऐका

नवे पाहुणे भाषणं मन लावून ऐकतात आणि मूल्यमापन सुरू झालं की घड्याळ बघतात. उलटं करा. क्लब चांगला की नुसता हौशी, हे इथेच कळतं.

एखाद्या भाषणावर, 'खूप छान, आत्मविश्वास दिसला, आवाज चांगला, असेच बोलत राहा' एवढंच कोणी म्हणत असेल तर त्या वक्त्याच्या हाती काही लागलं नाही. आता हे ऐका: 'दुकानदाराचं वाक्य म्हणण्याआधी तुम्ही क्षणभर थांबलात, तिथे सगळा हॉल हसला. शेवटच्या मिनिटाला मात्र तुमची नजर कागदावर गेली आणि मागच्या रांगेतल्या दोघांनी त्याच वेळी मोबाइल काढला. पुढच्या वेळी शेवटची चार वाक्यं न बघता म्हणा.' नेमकं कुठे, काय घडलं, आणि त्यावर उपाय काय. सबंध मीटिंगमध्ये असं एक जरी मूल्यमापन ऐकलंत तर त्या क्लबला दुसऱ्यांदा जा. सगळीच 'खूप छान' असतील तर दुसरा क्लब शोधा. आपल्याकडे तोंडावर दोष दाखवायचा संकोच असतो, त्यामुळे कौतुकाचा महापूर येणारे क्लब कमी नाहीत.

७. निघण्याआधी

शेवटी पाहुण्यांना उभं करून 'कसं वाटलं?' विचारतात. दोन वाक्यं पुरेत. त्यानंतर कोणी सदस्यत्वाचा फॉर्म पुढे केला तर त्याच दिवशी भरायची गरज नाही. 'अजून एकदा येऊन बघतो' हे कोणीही खुशाल ऐकून घेतं. चहा असेल तर थांबा. मीटिंगमध्ये न विचारता आलेलं सगळं तिथे विचारता येतं.

८. सदस्य व्हायचं ठरलं तर

पैशांचा हिशेब नीट समजून घ्या, इथेच गोंधळ होतो. मुख्य संस्थेची वर्गणी ऑक्टोबर २०२३ पासून सहा महिन्यांना ६० डॉलर आहे, म्हणजे महिन्याला १०. नव्या सदस्याला वर २० डॉलर द्यावे लागतात, ते एकदाच. सहामाही १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला सुरू होते. मधेच आलात तर उरलेल्या महिन्यांचेच पैसे पडतात: जानेवारीत सदस्य झालात तर मार्चपर्यंतचे ३० आणि नव्या सदस्याचे २०, असे ५०. याशिवाय क्लब हॉलचं भाडं, चहा, छपाई यांसाठी आपली वेगळी वर्गणी घेऊ शकतो. ती प्रत्येक क्लबची निराळी. रक्कम रुपयांत सांगितली जाते, तेव्हा त्यातले संस्थेचे किती आणि क्लबचे किती हे खजिनदाराला स्पष्ट विचारा. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. भरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून आधी दोन-तीन मीटिंगा बघून मगच भरा.

लागणाऱ्या गोष्टी: फॉर्म, चालू ई-मेल, पत्ता, फोन नंबर. ई-मेल ऑफिसचा देऊ नका. नोकरी बदलली की तुमच्या सगळ्या नोंदींचं लॉगिन अडकतं. सदस्य घ्यायचा की नाही यावर क्लब रीतसर मत घेतो, पण त्याची काळजी नको.

नाव नोंदलं की 'पाथवेज' हा अभ्यासक्रम उघडतो. 'बेस कॅम्प' नावाच्या ऑनलाइन जागेत तो असतो. एक वाट निवडायची, प्रत्येकीत पाच पायऱ्या. निवडायला प्रश्नावली आहे, ती भरा आणि जे निघेल ते घ्या. 'माझ्यासाठी कुठली बरोबर?' यावर महिना घालवू नका, पहिल्या पायरीचा गाभा सगळीकडे सारखाच आहे. आणि क्लबमध्ये सभासदांच्या शिक्षणाचं काम बघणाऱ्या उपाध्यक्षांकडे अनुभवी सभासद मेंटॉर म्हणून मागून घ्या. आपणहून नेमतील याची वाट बघू नका.

९. आइसब्रेकर

पहिलं भाषण स्वतःबद्दल असतं. मोठा सापळा म्हणजे बायोडाटा: जन्म कराडचा, शाळा अमुक, डिप्लोमा तमुक, सध्या अमक्या कंपनीत. सहा मिनिटांत चाळीस वर्षं बसवायला गेलात की लोकांच्या लक्षात एकही राहत नाही. त्याऐवजी एक गोष्ट धरा. तुमचं टोपणनाव, एसटीने केलेला कॉलेजचा प्रवास, पहिल्या पगाराचं काय केलं, काहीही. त्यातून तुम्ही आपोआप दिसता.

साधारण पाचशे-सहाशे शब्द पुरतात. लिहा, घड्याळ लावून मोठ्याने म्हणा, पण पाठ करू नका. पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा शब्द लिहून हातात ठेवा. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं हवं. आणि शेवटचं वाक्य 'एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते' हे नको.

बोलण्याआधी मूल्यमापन करणाऱ्याला गाठा आणि एकच गोष्ट सांगा: 'माझ्या हातांकडे लक्ष ठेवा' किंवा 'मी भरभर बोलते का बघा'. मग त्याचं मूल्यमापनही नेमकं येतं. राजकारण किंवा धर्म विषयात येत असेल तर क्लबचा रिवाज आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी ते टाळतात.

१०. पुढचे काही महिने

भाषणाची पाळी रोज येत नाही. मधल्या मीटिंगांना नुसतं बसू नका, कामं मागा. क्रम माझ्या मते असा: आधी टायमर, मग आह काउंटर, मग ग्रामरियन, मग टेबल टॉपिक्सचे विषय देणं, आणि मग कोणाचं तरी मूल्यमापन. टायमरचं काम फालतू वाटतं, पण त्यात सगळ्यांसमोर उभं राहून एक मिनिट बोलावं लागतं आणि बोलायचं काय ते तक्त्यावर लिहिलेलंच असतं. पहिल्या पायरीतल्या एका प्रकल्पात तर भाषण द्यायचं, आलेल्या सूचना घालून परत द्यायचं, आणि नंतर दुसऱ्याचं मूल्यमापनही करायचं असतं. तो लवकर उरकून घ्या, सगळ्यात जास्त तिथेच शिकायला मिळतं.

मार्च आणि सप्टेंबरमध्ये खजिनदार वर्गणीसाठी मेसेज पाठवायला लागेल. सुरू ठेवायचं असेल तर मुदतीआधी भरा, आणि थांबायचं असेल तरी त्याला तसं कळवा. त्याला यादी पुढे पाठवायची असते.